अभंग समीक्षाग्रंथातून घेतला, तर तळटीपेत गाथा लिहायची की तो ग्रंथ?

जे पुस्तक तुम्ही स्वतः उघडून पाहिलंत, त्याचाच संदर्भ द्यायचा. अभंग समीक्षाग्रंथात वाचला आणि तळटीपेत थेट गाथेचं नाव टाकलं, तर न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितल्यासारखं होतं. शिवाय समीक्षकाकडून एखादा शब्द चुकला असेल, तर ती चूक तुमच्या नावावर जमा.

खरं तर तुकोबांच्या बाबतीत ग्रंथालयात जाऊन गाथाच काढा. पण नुसतं ‘तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक’ लिहून भागत नाही. इंदुप्रकाश छापखान्याची गाथा (दोन खंड, १८६९ आणि १८७३) वेगळी, विष्णुबुवा जोगांनी संपादित केलेली वेगळी. क्रमांक जुळत नाहीत, कुठे कुठे पाठही, म्हणजे अभंगातले शब्दही, बदलतो. म्हणून संपादक, प्रकाशक, वर्ष हवंच. ज्ञानेश्वरीचंही तेच: अध्याय आणि ओवी द्या, सोबत कोणती प्रत तेही.

गाथा मिळालीच नाही, तर ‘तुकाराम, अमुक ग्रंथात उद्धृत, पृ. अमुक’ असं सरळ लिहा. यात कमीपणा काही नाही. मात्र पानोपानी ‘उद्धृत’ दिसायला लागलं की परीक्षक विचारणारच.

आणि ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्या टीपेतल्याच पुस्तकात’) शेवटच्या खर्ड्यापर्यंत वापरू नका. मध्ये एक नवी टीप घुसली की खालचं ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. संदर्भ देण्याच्या शिकागो शैलीनेही २०१७ च्या आवृत्तीपासून त्याऐवजी आडनाव, संक्षिप्त शीर्षक आणि पृष्ठ याच पद्धतीला पसंती दिली आहे.