"तिथे त्याला कोणी बोलू देईल का?"

गेल्या जूनमध्ये एक आई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा बोलताना अडखळतो. शाळेत स्काउटला नाव घालायचं की नाही, यावरून घरात वाद चालला होता. वडील म्हणत, "चार पोरांत मिसळल्याशिवाय धीट कसा होणार?" आईंचा अनुभव वेगळा होता. "मॅडम, मे महिन्यात एका शिबिराला घातलं होतं. पहिल्याच दिवशी स्टेजवर उभं करून नाव सांगायला लावलं. पहिलंच अक्षर अडलं, पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून याचं पोट दुखायला लागलं."

शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. मूल कधी अडखळणारं असतं, कधी कमी ऐकू येणारं, कधी नुसतंच बुजरं. भीती एकच, तिथे ते कोपऱ्यात पडेल. ही भीती खोटी नाही. पोहायला यावं म्हणून पोराला विहिरीत ढकलायची आपल्याकडे जुनी खोड आहे. काही पोरं त्यातून शिकतात, काही जन्मभर पाण्याजवळ फिरकत नाहीत.

मी मुलालाच विचारलं, "तुला जायचंय का?" बराच वेळ गेला. आई त्याच्या वतीने उत्तर द्यायला लागल्या, त्यांना मी हातानेच थांबवलं.

"गा... गाठी शिकवतात," तो म्हणाला.

वाचा उपचार तज्ज्ञांकडे पाठवलंच. अडखळणं हा भित्रेपणा नाही, हे वडिलांनाही समजावलं. मग त्यांच्या परवानगीने स्काउटच्या सरांना फोन करून दोनच गोष्टी विचारल्या. फक्त याच्यावर सोपवलेलं, हा नसला तर अडेल असं काम कोणतं असेल? आणि तो बोलत असताना इतरांना थांबायला कोण शिकवेल?

स्काउटची घडण इथे कामाला येते. सहा-आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक. १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्राउन्सी बेटावर स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाही बड्या घरची आणि कामकरी घरांतली मुलं मुद्दाम एकाच संघात घातली होती. लहान गटात कोणाला लपता येत नाही, आणि कोणाला वगळणंही सोपं नसतं. माझ्या मते नुसतं "सगळ्यांना प्रवेश" म्हणणं पुरेसं नाही. मुलाला कडेला बसवून टाळ्या वाजवायला लावणं मला प्रवेश नाकारण्याइतकंच लागतं.

सरांनी त्याला दोऱ्यांची पेटी दिली. मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणताना तो अजिबात अडखळत नाही, हे सरांच्याच लक्षात आलं. एका सुरात म्हणताना बहुतेकांचं अडखळणं थांबतं, तसंच ते होतं. ऑगस्टमध्ये दोघांनी त्याची नक्कल केली आणि त्याने जाणं बंद केलं. सरांनी सगळ्यांसमोर भाषण दिलं नाही, फक्त त्या संघाला घेऊन बसले. पुढच्या शनिवारी संघनायक त्याला घरून न्यायला आला.

डिसेंबरात खरी कमाई होती, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे कमवायचा स्काउटचा उपक्रम. मुलांनी शाळेच्या आवारात भेळेचा स्टॉल लावला, गल्ला याच्याकडे होता. एका गृहस्थांनी पन्नासची नोट दिली. "त... त..." "तीस ना? घे लवकर," ते म्हणाले. शेजारी कांदा चिरणारा पोरगा मान वर न करता बोलला, "थांबा काका, तो सांगतोय." किंमत तीस नव्हती, तेवीस होती.

संध्याकाळी हिशेबात दहा रुपये कमी पडले. संघनायक म्हणाला, मी खिशातले घालतो. याने घालू दिले नाहीत. सगळं परत मोजलं, पिशव्या झटकल्या, तेव्हा मुरमुऱ्यांच्या पिशवीच्या तळाशी दहाची नोट सापडली.

हे मला त्यानेच सांगितलं. अडखळणं फारसं कमी झालेलं नाही, उपचार चालू आहेत. सांगायला सात-आठ मिनिटं लागली. आई शेजारीच बसल्या होत्या, मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.