भिंतीलगतची उष्णता
प्रश्न : तापलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून वाहणाऱ्या हवेचे संगणकीय सिम्युलेशन करताना जाळी (जागेची लहान लहान कोषांत केलेली विभागणी) बदलली की हवेत जाणाऱ्या उष्णतेचा आकडाही बदलतो. असे का होते?

उत्तर : पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा थर स्थिर असल्याने तेथे उष्णता केवळ वहनानेच हवेत शिरते, म्हणून तिचा आकडा सर्वस्वी भिंतीलगतच्या तापमान-उतारावर ठरतो आणि पहिलाच कोष जाड असेल तर तो तीव्र उतार बोथट होतो. प्रक्षुब्ध (भोवऱ्यांनी ढवळलेल्या) प्रवाहात पहिल्या कोषाचा वाय-प्लस, म्हणजे भिंतीपासूनचे एककरहित अंतर, सुमारे 1 ठेवावा. वॉल फंक्शन (भिंतीलगतचा थर प्रत्यक्ष न सोडवता त्याचा अंदाज देणारे सूत्र) वापरायचे असल्यास तो 30 ते 300 चालतो, मात्र 5 ते 30 हा पट्टा शक्यतो टाळलेलाच बरा.

घन भागातले, म्हणजे पट्टीतले, तापमानही गणितात सोडवत असाल, तर सीमेच्या दोन्ही बाजूंना तापमान आणि उष्णताप्रवाह जुळायला हवेत. तेथे वाहकतेची साधी सरासरी घेणे ही, आमच्या मते, सर्वांत फसवी चूक होय. ॲल्युमिनियमची वाहकता सुमारे 237 आणि हवेची 0.026 वॅट प्रति मीटर-केल्विन धरली, तर साधी सरासरी 118 च्या वर जाते. समान जाडीच्या कोषांसाठी योग्य असलेली हरात्मक सरासरी (व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) मात्र जेमतेम 0.052 भरते.