खलाशांचं गाणं, ढोलकीचा ठेका

प्रश्न : गॅदरिंगसाठी आम्ही आठ जण ‘ड्रंकन सेलर’ हे खलाशांचं जुनं इंग्रजी गाणं नव्या ढंगात बसवतोय. गिटार, हार्मोनियम, ढोलकी आहे. पण ते कोळीगीतासारखं वाटतं आणि शेवटी लय पळते. काय चुकतंय?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आधी सूर बघा. चाल काफी थाटातली आहे: गंधार, निषाद कोमल, धैवत शुद्ध. पांढरी दोनचा (म्हणजे डी) सा धरलात तर डी मायनर आणि सी मेजर, एवढे दोन कॉर्ड पुरतात. गिटारवाले सवयीने मध्येच ए मेजर घालतात. त्यातला शुद्ध निषाद लागला की चालीतला खारेपणा गेलाच म्हणून समजा.

ढोलकी बहुधा सहा मात्रांत झुलतेय. हे गाणं सरळ दोन-दोनचं. दोर धरून खलाशी डेकवर पावलं आपटत चालायचे, थाप त्या पावलावर हवी. साधा केरवा (आठ मात्रांचा ताल) धरा, लग्ग्या (मधले जलद, नटवे बोल) नकोत.

लय पळते ती ‘वे-हे’पाशी, म्हणजे कोरस सुरू होतो तिथे. कोरस घाईने उचलला जातो, मुख्य गायकाचं शेवटचं अक्षर गिळलं जातं. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 100 ठोक्यांवर लावा आणि पहिले दोन दिवस वाद्यं बाजूला ठेवून नुसते पाय आपटत गा. शेजारी ओरडतील, ओरडू द्या. दुसरा आवाज (मूळ चालीला वेगळ्या सुरांची जोड) फक्त कोरसमध्ये, तोही शेवटच्या दोन कडव्यांत.