कॉलेज की आर्मी, मॅडम?

बारावीनंतर सैन्यात ऑफिसर व्हायची एनडीएची परीक्षा हुकली, आता कॉलेज करत करत ऑफिसरची तयारी जमेल का, की दोन्ही हातचं जाईल? जळगावला सल्ला विचारायला माझ्याकडे येणाऱ्या पोरापोरींकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता दारातून आत येतानाच कळतं, हा तोच प्रश्न घेऊन आलाय. म्हणून एका मुलाची गोष्ट लिहिते. त्याला विचारूनच लिहितेय, ओळखू येईल असं सगळं बदललंय.

अमळनेर तालुक्यातला मुलगा, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, जळगावात रूम करून राहणारा, एनसीसीत तिसरं वर्ष. सप्टेंबरची सीडीएस, म्हणजे पदवीवर ऑफिसर व्हायची परीक्षा, लेखी पास झाला होता, जानेवारीत भोपाळला एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतींचे, पाचही दिवस राहून आला, आणि शेवटच्या दिवशी मंडळाच्या कॉन्फरन्सनंतर निवडलेल्यांचे जे चेस्ट नंबर पुकारतात त्यात याचा नंबर नव्हता. परत आला तर सेम फाइव्हचा निकाल लागलेला, त्यात एक विषय राहिलेला. वडील सोबत आले होते, खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, हाऊ पोऱ्या दोन दगडवर पाय ठेईसन उभा से. याले समजाडा."

मुलगा काहीच बोलला नाही. त्याने बॅगेतून वही काढून माझ्यासमोर ठेवली. पहाटे साडेचारपासून रात्री अकरापर्यंतचं टाइमटेबल, स्केचपेनने रंगवलेलं, रनिंग, इंग्लिश पेपर, परेड, प्रॅक्टिकल, मॅथ्स, आणि जवळजवळ प्रत्येक दिवसावर लाल फुली. मागच्या पानावर अधिकाऱ्यात लागणारे 15 गुण ओळीने लिहिलेले. ते पाठ होते त्याला, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवले असते.

"या लाल फुल्या कसल्या?"

"दिवस वाया गेले त्याच्या."

दिवस वाया गेला. हे वाक्य मी लिहून ठेवलं. माझं आधीपासूनचं मत आहे की परिस्थिती माणसाला थकवते ती थोडी, तो स्वतःशी मनात जे बोलत राहतो त्याने तो जास्त थकतो. कॉलेजमध्ये बसला की हा म्हणायचा आर्मीचा वेळ चाललाय, ग्राउंडवर गेला की म्हणायचा डिग्री चाललीय. म्हणजे जिथे असेल तिथे गुन्हेगार! वडिलांचे दोन दगड आता पोराच्या डोक्यात जाऊन बसले होते.

पुढच्या दोन भेटींत मी त्याला फक्त एवढंच दाखवलं की हे दगड दोन नाहीतच, आणि हे मी प्रत्येक मुलाला सांगते म्हणून इथेही सांगते. सीडीएसला पदवी लागतेच, शेवटच्या वर्षाचा मुलगा परीक्षा देऊ शकतो पण पदवीशिवाय ट्रेनिंगला जाऊ शकत नाही. मिलिटरी अकॅडमी डेहराडून आणि ओटीए (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) चेन्नई, दोन्हीकडे कुठल्याही शाखेची डिग्री चालते, म्हणून बीए करणाऱ्याने नाराज व्हायचं कारण नाही. नेव्हीला मात्र इंजिनिअरिंग लागतं, आणि एअरफोर्सला बारावीचे फिजिक्स-मॅथ्स नाहीतर इंजिनिअरिंग. ओटीएच्या पेपरात मॅथ्स नाहीच, फक्त इंग्लिश आणि जनरल नॉलेज. परीक्षा वर्षातून दोनदा होते.

दुसरा रस्ता एनसीसीचा. सी सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडने मिळवलं आणि डिग्रीला 50 टक्के असले तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीचं बोलावणं येऊ शकतं, मुलींनाही. पण त्यासाठी पहिल्याच वर्षी एनसीसीत नाव घालावं लागतं. तिसऱ्या वर्षी जागं होऊन उपयोग नाही, आणि दरवर्षी किती पोरं माझ्याकडे तिसऱ्या वर्षीच येतात! म्हणजे ही तयारी कॉलेजच्या पोटातच आहे. एटीकेटी राहू देऊन केलेली आर्मीची तयारी ही आर्मीची तयारीच नाही, हे मी त्याला जरा कडक आवाजातच सांगितलं. आणि पालकांनो, लाख लाख रुपये भरून क्लास लावायच्या आधी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी करा, एसएसबीची तयारी तिथे सरकार मोफत करून घेतं, राहण्या-जेवणासकट.

हे सगळं त्याला पटलं, मान हलवली, पण चेहरा तसाच. खरं दुखणं वेगळीकडे होतं, ते चौथ्या भेटीत निघालं.

एसएसबीला चित्रं दाखवून गोष्ट लिहायला लावतात, अकरा चित्रं आणि बारावं पान कोरं, त्यावर आपल्या मनातली गोष्ट लिहायची. मी विचारलं, कोऱ्या पानावर काय लिहिलंस? म्हणाला पूर आला, हिरोने होडी काढली, गाव वाचवलं.

"कधी पूर पाहिलास?"

"नाही मॅडम. ती गोष्ट तयार ठेवली होती."

"आणि फॉर्ममध्ये काय काय जबाबदाऱ्या सांभाळल्या ते विचारतात, तिथे?"

"रिकामंच ठेवलं. एनसीसीत रँक मिळाली नाही ना मला."

मग मी वही उघडली आणि नोव्हेंबरच्या एका रविवारवरच्या लाल फुलीवर बोट ठेवलं. या दिवशी काय झालं ते सांग, ठरवलं होतं ते नको, झालं ते. आधी म्हणाला काही नाही, कापूस वेचणी होती, घरी जावं लागलं. मी गप्प बसले. मग हळूहळू बोलायला लागला, की शेजारच्या गावच्या चौदा बाया वेचायला होत्या, किलोवर मजुरी, आणि संध्याकाळी गाठोडी काट्याला लावली की रोज भांडण, बाया म्हणायच्या काटा मारतो, वडील म्हणायचे या मातीसकट कापूस भरतात. त्या दिवशी बाया उद्यापासून येणार नाही म्हणून निघाल्याच. याने घरातून युरियाची न फोडलेली गोणी आणली, छापील वजन 45 किलो, सगळ्यांसमोर काट्याला लावली. काटा 43 वर थांबला.

"मग?"

"मग मागच्या तीन दिवसांची वही काढली, प्रत्येकीचा फरक काढला आणि पैसे द्यायला लावले. पप्पा चार दिवस बोलले नाही माझ्याशी. पण बाया दुसऱ्या दिवशी आल्या मॅडम, सगळ्या. आणि मातीचं पण त्यांनी ऐकलं, गाठोडं बांधायच्या आधी झाडून घ्यायला लागल्या."

मी काहीच बोलले नाही. वही उलटवून मागचं पान, ते 15 गुणांचं, त्याच्यासमोर ठेवलं. बराच वेळ तो त्या पानाकडे बघत राहिला. मग त्याने माझ्या टेबलावरचा पेन उचलला आणि त्या रविवारवरच्या लाल फुलीभोवती एक गोल काढला. मान खालीच होती, पण कान लाल झाले होते त्याचे. एवढ्या वर्षांच्या कामात असे क्षण फार येत नाहीत आणि येतात तेव्हा मी ते जपून ठेवते.

त्याची निवड का झाली नाही हे कुणी सांगू शकत नाही, बोर्ड कारण देत नाही, मीही अंदाज करणार नाही. मला जे दिसलं ते एवढंच की हा मुलगा भोपाळला स्वतःला घरी ठेवून गेला होता. कापसाचं शेत, रात्री बाराला लाइट आली की मोटर चालू करायला जाणं, आजीचं औषध, हे सगळं त्याच्या हिशोबात अडथळे होते, आणि पाठ केलेला पूर म्हणजे तयारी. खान्देशातल्या शेतकऱ्यांच्या मुलांमध्ये हे मला फार दिसतं, इंग्लिशची भीती तर असतेच, पण तिच्याखाली आपल्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नाहीच ही खात्री असते. त्यांना मी रोज रात्री एकच काम देते: आज मी काय निभावलं ते चार ओळीत, आधी मराठीत किंवा अहिराणीत लिहायचं, मग मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये. इंग्लिश त्यानेच सुधारतं, कारण सांगायला काहीतरी असतं.

त्याने राहिलेला विषय काढला, डिग्री झाली, सी सर्टिफिकेट मिळालं आणि एनसीसीच्या रस्त्याने पुन्हा बोलावणं आलं. यावेळी फॉर्ममधला तो रकाना भरला, कुणाकडून लिहून न घेता. पुढचा निकाल मी मुद्दाम लिहीत नाही, कारण वाचणारे मग तेवढंच लक्षात ठेवतात.

जायच्या आदल्या दिवशी फोन आला, मला वाटलं त्याचा, पण वडील होते. इकडचं तिकडचं बोलले, पाणी कसं आहे, यंदा कापसाचा भाव कसा आहे. मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम, गाडी भुसावळले बदलनी पडस ना? मी याले भुसावळलोंग सोडाले जाऊ का? त्याले चालई का?"

म्हटलं, भाऊ, त्यालाच विचारा. मागून पोराचा आवाज आला, "चला ना पप्पा."