कॉर्डन ऑफ: नाकाबंदी नव्हे, दोर!

गिरगावातून विचारणा आली आहे: बातम्यांत 'परिसर कॉर्डन ऑफ केला' म्हणतात, म्हणजे नाकाबंदी केली का? आणि ऑफ म्हणजे बंद का?

दोन्ही नाही. नाकाबंदीत गाडी थांबवतात, डिकी उघडायला लावतात आणि तपासून सोडतात. कॉर्डन ऑफ केलं की सोडण्याचा प्रश्नच नाही, मागे फिरायचं. ऑफ इथे दिव्याचा नाही. फेन्स ऑफ, सील ऑफमधला, तोडून वेगळं काढण्याचा. आणि 'कॉर्नर ऑफ' तर कृपा करून म्हणू नका. परवा एका वाहिनीवर तेच तीनदा ऐकलं. कोपऱ्याचा इथे काय संबंध?

'वेढा घातला' हे भाषांतरही मला मान्य नाही, कोणीही सुचवलेलं असो. वेढा आतल्याला कोंडायला असतो. कॉर्डन बहुतेकदा बाहेरच्या बघ्यांसाठी. आत नुसती एक बेवारस बॅग असेल.

कॉर्डन म्हणजे मुळात दोरी, फ्रेंच 'कोर्द'चं धाकटं रूप. विसर्जनाच्या दिवशी गिरगावातच बघा ना: मूर्तीच्या भोवती जाडजूड दोर, तो दोन्ही बाजूंनी धरून घामाघूम झालेले कार्यकर्ते, आणि 'ए, दोराच्या बाहेर!' अशी आरोळी. अस्सल कॉर्डन हाच.

आता खरी मजा. 'कोर्द' लॅटिनमधून आला, लॅटिनने तो ग्रीककडून घेतला, आणि ग्रीकमध्ये 'खोर्दे' म्हणजे आतडं! वाद्याची तार आतड्याची असे, आपल्या पिंजाऱ्याच्या तातीसारखी. तारेवरून दोरी, दोरीवरून पोलिसांचं कडं.

यावर एक संस्कृताभिमानी मला ठासून सांगतात की कॉर्डन आपल्या 'करदोड्या'वरून गेला. अहो, करदोडा मुळात कडदोरा! कड म्हणजे कंबर, तिचा दोरा. बोलताना ड आणि र यांनी जागा बदलल्या, बस. नातंच हवं असेल तर वेदांमधला 'हिरा' घ्या. रत्न नव्हे, शरीरातली शीर. 'खोर्दे'चा तो सख्खा भाऊ, आणि इंग्रजी यार्न, म्हणजे सूत, तेही त्याच घरचं. एवढं अस्सल नातं समोर असताना करदोड्याला कशाला ताणायचं?

हां, वापर राहिला. बंद केलेल्या जागेचं नाव 'ऑफ'नंतरही चालतं आणि 'कॉर्डन' व 'ऑफ'च्या मधेही: 'कॉर्डन ऑफ द रोड', 'कॉर्डन द रोड ऑफ'. मराठीत मात्र मी 'रस्ता दोर लावून बंद केला' असंच लिहितो. पट्टी प्लास्टिकची असली तरी.