कोकम सिरपचं तंत्रज्ञान कृषी विद्यापीठाकडून घ्यावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: रबाळे एमआयडीसीत छोटा गाळा घेतलाय, कोकम सिरप काढायचंय. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत कृती छापलेलीच आहे, मग लायसन्सचे पैसे कशाला भरायचे? आणि भरलेच, तर ती प्रक्रिया फक्त आपल्यालाच मिळेल का?

मी तुर्भ्याला फळप्रक्रिया युनिटमध्ये उत्पादन सांभाळते. विद्यापीठाकडून घेतलेल्या दोन प्रक्रिया माझ्या हातून गेल्या. एक फसली, एक आजही चालू आहे. त्यातून जे कळलं ते सांगते.

‘फक्त आपल्यालाच’ हे आधी डोक्यातून काढा. कोकमाचं सरबत कोकणात घरोघरी होतं. पारंपरिक ज्ञानाला आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(प) खाली पेटंट मिळत नाही, आणि छापून झालेली गोष्ट नवीन म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे पुस्तिका वाचून सिरप करायला तुम्ही मोकळ्या आहात, तशीच शेजारच्या गाळ्यातली मंडळीही. 

मग पैसे कशाचे? आमची फसलेली गोष्ट ऐका.

ती प्रक्रियाही कोकमाचीच होती. विद्यापीठ कोणतं ते महत्त्वाचं नाही, कारण चूक दोन्हीकडची होती. करार झाला, फी भरली, दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, सही-शिक्क्याची फाइल घेऊन आम्ही आनंदात परत आलो. प्रयोगशाळेत पाच लिटरच्या पातेल्यात झालेलं सिरप लालबुंद होतं. आमच्या दीडशे लिटरच्या जॅकेटेड केटलमध्ये (दुहेरी भिंतीच्या कढईत) पहिली बॅच काढली, ब्रिक्स म्हणजे साखरेचं प्रमाण बरोबर ६५ आलं, चवही जमली. महिन्याभरात बाटल्यांतला रंग विटकरी झाला. दुकानदाराने खोका परत पाठवला. साखर बदलून पाहिली, बाटली बदलून पाहिली. फाइल दहादा वाचली. फाइलमध्ये सगळं होतं आणि त्यातलं काहीच चुकीचं नव्हतं.

कारण कळलं ते पुढच्या वर्षी, दुसऱ्या एका केंद्रातले निवृत्तीला आलेले सर युनिट बघायला आले तेव्हा. त्यांनी फाइल उघडलीच नाही. केटलजवळ उभे राहिले आणि विचारलं, “हे थंड व्हायला किती वेळ लागतो?” आम्ही कधी मोजलंच नव्हतं. दीड तास! पाच लिटरचं पातेलं पाण्याच्या टबात ठेवलं की दहा मिनिटांत निवतं. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. उष्णतेत जितका जास्त वेळ राहील तितका तो मोडतो. सरांनी क्रमच उलटा केला: आधी साखरेचा पाक करून निववायचा, कोकमाचा अर्क शेवटी, पाक कोमट झाल्यावर घालायचा. अर्क धरायची लोखंडी बादलीही त्यांनी बाजूला काढायला लावली, कारण लोखंड लागलं की रंग काळपटतो. चालू आहे ती हीच दुसरी प्रक्रिया.

पैसे भरायचे ते त्या उभं राहून बघण्याचे.

यात शास्त्रज्ञांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. आपली कृषी विद्यापीठं शिक्षण, संशोधन आणि विस्तार (म्हणजे शेतकऱ्यापर्यंत ज्ञान पोचवणं) यांसाठी उभी राहिली, आणि त्यांचं गिऱ्हाईक शेतकरी होता. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं. कर्जतच्या भाताचे वाण, वेंगुर्ल्याचे काजू, आंबा काढायचा नूतन झेला, पनवेलच्या केंद्रातले खारजमिनीत टिकणारे भात, हे सगळं कोकणभर पोचलं ते मेळाव्यांतून, प्रात्यक्षिकांतून, कृषी सहायकाच्या मोटारसायकलवरून. संशोधन राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त ॲग्रेस्कोत, म्हणजे संशोधन समितीच्या बैठकीत मांडलं जातं, तिथे शिफारस मंजूर झाली की शास्त्रज्ञाचं काम पूर्ण समजलं जातं. कारखान्याचे प्रश्न त्या शिफारशीनंतर सुरू होतात: मोठी केटल, मे महिन्यात ठाण्याच्या दुकानातल्या उन्हाच्या फळीवर बाटली किती टिकते, लेबलवर काय लिहायचं. ते कुणी कुणाला विचारायचे हे ठरलेलंच नसतं. ते करारात ठरवून घ्या.

म्हणजे असं. तुमच्या गाळ्यात, तुमच्या केटलवर निदान तीन चाचणी बॅच शास्त्रज्ञांनी स्वतः उभं राहून काढायच्या, आणि फीचा मोठा हप्ता तिसरी बॅच टिकवणीच्या तपासणीत पास झाल्यावर द्यायचा. आम्ही सगळी फी आधी भरून बसलो होतो. रॉयल्टी मागितली तर ती निव्वळ विक्रीवर असावी, उत्पादनावर नको. परत आलेल्या खोक्यांवर रॉयल्टी भरणं फार जिव्हारी लागतं. करार झालेले शास्त्रज्ञ बदलून गेले तर पुढे कोण येणार, हेही लिहून घ्या. अन्न परवाना तुमचा तुम्हालाच काढायचा आहे, विद्यापीठाचा कागद तिथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. अन्न तंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाची मुलं इन-प्लांट ट्रेनिंगला जागा शोधत असतात. दोन मुलांना घ्या, त्यांना झाडू मारायला लावू नका, रोज रंग आणि ब्रिक्सची वही ठेवायला द्या. आमच्याकडे आलेल्या एका मुलीने जॅकेटमध्ये थंड पाणी खालून सोडायची जोडणी सुचवली, दीड तासाचे चाळीस मिनिटं झाले. तिचे प्राध्यापक ते बघायला आपणहून आले. विद्यापीठाशी आमचं खरं नातं तिथून जुळलं.

कोकमाचं फळ एप्रिल-मेमध्ये येतं. पावसाळ्यात करार केलात तर ताज्या फळावरची चाचणी थेट पुढच्या वर्षी. तेव्हा जानेवारीतच दापोलीला एक चक्कर मारा. निघण्याआधी केटलमध्ये नुसतं पाणी उकळून ते निवायला किती मिनिटं लागतात ते मोजा, आणि गाळ्यातल्या नळाच्या पाण्याचा एक कॅन गाडीत टाका, म्हणजे तिथली चाचणी तुमच्याच पाण्यावर होईल.