दोन एकर विकण्याआधी

प्रश्न : मुलगी २० वर्षांची आहे. दोनदा नीट दिली, मेडिकलला नंबर लागला नाही. गाण्यात विशारद झाली आहे. तिला म्युझिक थेरपीच्या पदवीसाठी अमेरिकेला पाठवावं म्हणतो, दोन एकर विकायची तयारी आहे. तिला इतके राग येतात, म्हणजे निम्मं काम झालंच ना? हॉस्पिटलात नोकरी लागेल का, नावापुढे डॉक्टर लावता येईल का?
– एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : नावापुढे डॉक्टर लागणार नाही. हे आधी सांगतो, कारण गाण्याच्या वाटेनेही तुम्ही तिला मेडिकललाच पोचवू बघताय, असं पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं. तिला स्वतःला काय हवंय, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. नीटचं अपयश दोनदा पचवलेल्या मुलीच्या डोक्यावर आता विकलेल्या जमिनीचा भार टाकू नका. तिकडे नाही जमलं, तर ती घरी परत यायलाही घाबरेल.

आता रागांचं. अमुक रागाने रक्तदाब उतरतो, तमुक रागाने झोप लागते, असे तक्ते मोबाइलवर फिरतात. ही म्युझिक थेरपी नव्हे. पक्षाघातात वाचा गेलेला माणूस कधी कधी बोलू शकत नाही, पण ओळखीचं गाणं शब्दांसकट गातो. थेरपिस्ट चाल आणि हातावरचा ठेका धरून त्याला हळूहळू ‘पाणी दे’पर्यंत आणते. पार्किन्सनच्या रुग्णाला ठेक्यावर पाऊल टाकायला लावते आणि चालण्यात काय फरक पडला याची नोंद ठेवते. रुग्ण बेसूर गायला तरी बिघडत नाही. विशारद मुलीला हे चालवून घेणंही शिकावं लागेल.

अमेरिकेत हा विषय १९४४ पासून पदवीला आहे. प्रवेशासाठी गायन-वादनाची चाचणी, पुढे गिटार, पियानो, मानसशास्त्र, किमान १२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, शेवटी प्रमाणपत्राची परीक्षा. ब्रिटनमध्ये तर पदव्युत्तर शिक्षण लागतंच. पण परत आल्यावर काय? आपल्याकडे पुनर्वसनाचं काम करणाऱ्या तज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद ही सरकारी संस्था ठेवते, तिच्या नोंदणीत म्युझिक थेरपिस्ट हा वर्गच नाही. त्यामुळे हॉस्पिटलात ठरलेली जागा, ठरलेला पगार धरून चालू नका. ज्यांना काम मिळतं, ते बहुतेक स्वतः दारोदार जाऊन मिळवतात.

म्हणून आत्ता अमेरिका नको, जमीन राहू द्या. तिची इच्छा असेल तर इथेच मानसशास्त्रात बी.ए. करावं, गाण्याची तालीम सोडू नये आणि आठवड्यातून एक दिवस विशेष मुलांच्या शाळेत जावं. तिथे रमली, तर पुढे पुद्दुचेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात म्युझिक थेरपीचं शिक्षण आहे, परदेशाचा विचारही तेव्हा करता येईल. वाचेच्या उपचारांत रस वाटला तर स्पीच थेरपीची पदवी आहे, तिला परिषदेची नोंदणीही मिळते.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या, आणि ते न वाचता पाठवा. तिला थेरपी नको असेल, नुसतं गायचं असेल, तर तसंही लिहू दे. त्याचंही उत्तर मी देईन.